बारा पिशव्यांची लोकर

आमच्या हिराची एक खोड मला बिलकूल सहन होत नव्हती. पोरगी पुण्याला विद्यापीठात शिकते. फॅशनचा धंदा आणि कापडाचं तंत्र, असं दोन्ही एकदम. चार माणसांत अभिमानानं सांगावं असं शिक्षण. आणि सुट्टीला घरी आली की करते काय? बॅग ओट्यावर टाकते, तांब्याभर पाणी पिते आणि सरळ मेंढरांच्या वाडग्यात शिरते. कुंपणाच्या काट्यांना अडकलेली, शेणानं माखलेली, गोखरं चिकटलेली लोकर वेचते. धूत नाही, झटकत नाही. तशीच पिशवीत भरते आणि वर चिठ्ठी लावते. कुठलाही धागा दिसला की त्याला काडी लावायची आणि जळला की नाकाशी न्यायचा. भावकीच्या लग्नात माझ्या नव्या लुगड्याच्या काठाचा दोरा उपसून तिनं जाळला, वास घेतला आणि म्हणाली, "आजे, हे रेशीम न्हाई. तुला फसवलंय." लुगडं कुणी आणलं होतं? तिच्याच बापानं. आणि सांगितलं कुठं? बायकांच्या पंगतीत.

आता तुम्हीच सांगा, घरोघरी शिकणारी मुलं आहेत तुमच्या, याला शिक्षण म्हणायचं का?

मी सारजाबाई. जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर आमचं घर. शाळा तिसरीपर्यंत, पुढची शाळा मेंढरांमागं झाली. पण चाळीस वर्षं घर चालवलंय आणि माझ्या घराला नाव ठेवायची कुणाची छाती झालेली नाही. ती का झाली नाही तेही सांगते, कारण चूक तिथंच आहे.

आमचं घराणं मेंढपाळांचं. मालक होते तोवर आठ महिने खाली कोकणात मेंढरं घेऊन जायचे. ते गेले, पुढं माझा मुलगा जालिंदर कांद्यात आणि डाळिंबात पडला, आणि उरलेली साठेक मेंढरं माझा धाकटा दीर हौशीराम सांभाळतो. जालिंदर लहान असताना त्याला जुन्नरला शाळेत ठेवला होता. पहिल्याच महिन्यात पोरगा शनिवारी घरी आला आणि जेवेना. वर्गातली पोरं नाकाला रुमाल लावतात म्हणाला. मेंढराचा वास येतो म्हणतात. त्या दिवशी मी वासाचा साबण आणला आणि घराला एक नियम घातला. पाहुण्याच्या नजरेला आपलं मेंढरू पडायचं नाही.

तो नियम मी मोडू दिला नाही. पाहुणे येणार म्हटलं की हौशीरामनं सकाळीच मेंढरं लांबच्या रानात हाकायची. वाडग्याच्या दाराला निळा कागद बांधायचा. अंगणात फिनेल. जालिंदरसाठी आंबेगाव तालुक्यात मुलगी बघायला गेलो, तेव्हा "शेतकरी" एवढंच सांगितलं. माझ्या सुनेला, रत्नाला, आमच्याकडे मेंढरं आहेत हे लग्नानंतर पाचव्या दिवशी कळलं. ती हसली होती. मला तेव्हा तिचा राग आला होता, हे कबूल करते. पुढं भावकीनंही माझं बघून तसंच सुरू केलं. आता आमच्या वस्तीवरून सकाळी भलत्या वेळी मेंढरं निघाली की गाव ओळखतं, आज यांच्याकडे पाहुणे आहेत.

अशा घरातली पोरगी कापडाचं शास्त्र शिकायला गेली. गावाला वाटलं, शिवणक्लास आहे. पहिल्या दिवाळीला ओट्यावर सतरा ब्लाउजपीस येऊन पडले. हिरा म्हणाली, मला ब्लाउज शिवता येत नाही. बायका म्हणाल्या, मग तीन वर्षं शिकवणार तरी काय? जालिंदरच्याही मनात तेच होतं. एवढं तर आळेफाट्याला सहा महिन्यांत शिकवतात, असं तो रत्नाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचा.

शेवटच्या वर्षाला ज्याला त्याला स्वतःचं एक काम करून दाखवायचं असतं. प्रोजेक्ट म्हणतात. हिरानं काय निवडलं? आमच्या मेंढरांची लोकर. ऐकून मी कपाळावर हात मारला. जगातला कापूस संपला होता का? रेशीम संपलं होतं का? आमची लोकर आता फुकट दिली तरी कुणी नेत नाही. जाडीभरडी, अंगाला टोचते. कातरणी झाली की रानातच पडते आणि वाऱ्यानं कुंपणाला जाऊन लागते. हिराचं म्हणणं असं, की अंगावर घालायला चालत नसेल, पण आणखी कशाला तरी चालेल. पाठीवरच्या पिशव्या, चपलांचे आतले तळ, बसायची आसनं. तिथं मऊपणा नको, ताकद हवी. दिवाळीच्या कातरणीला तिनं बारा मेंढ्यांची लोकर पुण्याला नेली आणि तिथल्या यंत्रांवर मोजून घेतली. तिच्या शिक्षिका वैजयंती मॅडम म्हणाल्या, एकदा मोजलेलं खरं धरत नाहीत. पुढच्या कातरणीला त्याच बारा मेंढ्यांची लोकर पुन्हा आण. दोन्ही मोजमापं जुळली तर काम पक्कं.

त्याप्रमाणे माघात हिरा आली. हौशीरामनं कातर चालवली, पोरीनं मेंढ्या धरल्या. प्रत्येक मेंढीच्या खांद्यावरची लोकर वेगळी, वेगळ्या कापडी पिशवीत. वर चिठ्ठी. खैरी, बांडी, पांढरकानी, मोडक्या शिंगाची, अशी नावं आणि खाली "आणे, तालुका जुन्नर". पिशव्या पडवीत मांडल्या आणि दुपारी ती रत्नाबरोबर आळेफाट्याला काही आणायला गेली.

मी एक पिशवी उघडून पाहिली. मग दुसरी. शेण, गोखरं, मुताचा वास. हे सगळं उद्या विद्यापीठातल्या टेबलावर उघडणार. चष्मेवाली माणसं वाकून बघणार, आणि चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव. जुन्नरच्या त्या रुमालवाल्या पोरांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली. चाळीस वर्षं झाकलेली अब्रू या पोरीनं बारा पिशव्यांत भरली होती.

माझ्या ट्रंकेत जावळ होतं. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. आयुष्यात एकदाच निघते आणि लोण्यासारखी मऊ असते. हिराच्या लग्नात घोंगडी द्यायची म्हणून नऊ वर्षं मूठमूठ साठवलं होतं, रिठ्यानं धुऊन, पिंजून. ते सगळं मी काढलं. बाराही पिशव्या एका गोणीत उलट्या केल्या आणि त्यांत जावळ भरलं. काळ्या मेंढीच्या पिशवीत काळं, पांढरीच्या पिशवीत पांढरं, एवढी अक्कल वापरली. पिशव्यांची तोंडं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. गोणी गव्हाणीमागं ढकलली. संध्याकाळी हिरा म्हणाली, "आजे, शिवत कशाला बसलीस, मी केलं असतं की." मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. पाहुण्यापुढं घरातलं उत्तमातलं उत्तम ठेवायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं होतं.

पुण्यात हिरानं पिशव्या प्रयोगशाळेत दिल्या आणि ती तीन आठवडे एका गिरणीत काम शिकायला गेली. तो त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो. मागं तिथल्या सोपान नावाच्या माणसानं पिशव्या उसवल्या आणि लोकर यंत्रांवर चढवली.

महिना उलटायच्या आत सकाळी चहाच्या वेळेला हिराचा फोन आला. जालिंदरनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. दिवाळीचं मोजमाप आणि आताचं मोजमाप कुठंच जुळत नव्हतं. मॅडम म्हणत होत्या, ही त्या मेंढ्यांची लोकर नाही. कष्ट वाचवायला बाजारातून दुसरी लोकर आणून तिला त्याच चिठ्ठ्या लावल्या असतील, तर तसं सांग. शुक्रवारी समिती बसणार होती. तोवर खुलासा झाला नाही तर काम रद्द, वर्ष रद्द, आणि कागदावर शेरा पडणार, की विद्यार्थिनीनं खोटेपणा केला.

"आबा, मी काय सांगू त्यांना?" हिरा म्हणाली. "मी माझ्या हातानं मेंढ्या धरल्या. खरं व्हतं ते सांगितलं. आता याहून खरं काय सांगतात ते मला येत न्हाई."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

जालिंदर फोनवर कडाडला. बस झालं म्हणाला, घरी निघून ये, आपल्या माणसांना तिथं चोरच समजणार. मी हातातला कप खाली ठेवला आणि उठून परसात गेले. माझी जीभ गावात प्रसिद्ध आहे. सरपंचाला भर ग्रामसभेत गप्प केलं आहे मी. ती जीभ दोन दिवस टाळ्याला चिकटली. तुम्ही म्हणाल, नातीचं वर्ष जातंय आणि म्हातारी गप्प कशी? सांगते. माझ्या हातून चूक झाली, हे वाक्य मी चाळीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. ते तोंडात बसेचना.

मंगळवारी हौशीराम गव्हाण झाडत होता. गोणी दिसली, तर विचारायला आला, वहिनी, ही घाण खड्ड्यात टाकू का? मी ओरडले, हात लावू नकोस. माझा आवाज ऐकून रत्ना बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं. मग मी तिथंच दगडावर बसून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही सून वीस वर्षांचं एकदम काढणार. रत्नानं गोणीचं तोंड आवळून बांधलं आणि ती म्हणाली, "आत्याबाई, पुण्याची गाडी किती वाजता हाय ते बघते."

जालिंदर आडवा आला. म्हणाला, तिथं जाऊन काय सांगणार, आमच्या म्हातारीनं लोकर बदलली म्हणून? हसतील. पोरीला आणू आणि गप्प बसू, दोन महिन्यांत लोक विसरतील. हे बोलणं याला कुणी शिकवलं होतं? मीच. झाकायचं आणि गप्प बसायचं. पोटच्या पोराच्या तोंडून माझीच शिकवण ऐकली आणि मला ती पहिल्यांदा ओंगळ वाटली.

गुरुवारी सकाळी आम्ही सासू-सुना एसटीत बसलो, गोणी माझ्या मांडीवर. नारायणगावच्या पुढं शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. मंचर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

विद्यापीठ मी पहिल्यांदा पाहिलं. प्रयोगशाळेच्या दारात मी चपला काढल्या. आत काचेसारखी स्वच्छ फरशी, भिंतीला ओळीनं यंत्रं, आणि हिराच्या वयाची पोरं-पोरी कापडाच्या चिंधीवर अशी वाकलेली, जशी आपण पाळण्यातल्या लेकरावर वाकतो. कुणी बोललं तरी हळू. मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं झालं.

हिरा धावत आली. गोणी दिसताच थांबली. तिला सगळं कळलं, मी तोंड उघडायच्या आधी. ती माझ्याकडे न बघता बाजूला झाली.

वैजयंती मॅडम वयानं माझ्या रत्नाएवढ्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. पिशव्या मी रिकाम्या केल्या, जावळ मी भरलं, तोंडं मी शिवली, पोरीला यातलं काही माहीत नाही. मला वाटलं होतं, बाई म्हणतील, असू द्या आजी, वयानं होतं. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत.

"आजी, तुमच्या एका दुपारच्या कामानं हिचं एक वर्ष पणाला लागलंय," त्या म्हणाल्या. "का केलंत?"

मी जुन्नरची पोरं सांगितली, रुमाल सांगितला, निळा कागद आणि फिनेलसुद्धा सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इकडे या, तुम्ही काय बदललंत ते बघा.

त्यांनी जावळाचा एक केस घेतला आणि गोणीतला एक जाडा केस घेतला. एका यंत्राखाली ठेवले आणि समोरच्या पडद्यावर उजेड पडला. तो उजेड मी मरेपर्यंत विसरणार नाही. मेंढीचा केस, जो मी पन्नास वर्षं बोटांत धरला, दातांनी तोडला, पाण्यात वाहू दिला, तो तिथं ताडाच्या खोडाएवढा उभा होता. आणि त्याच्यावर कौलं होती. घराच्या छपरावर असतात तशी, एकावर एक चढलेली, टोकाकडे उतरती, एकही निसटलेलं नाही. पाऊस घोंगडीवरून घरंगळतो, हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक होतं, पण कसा, ते मला त्या क्षणी दिसलं. देवानं एवढ्याशा केसाला छप्पर घातलं होतं. आणि ते शाकारलेलं छप्पर मी फिनेलनं झाकत होते.

माझे हात आपोआप जोडले गेले. सोपान हसला नाही. म्हणाला, आजी, पहिल्या दिवशी मी पण असाच उभा होतो.

मग दुसरं यंत्र. दोन चिमट्यांत एकच केस धरतात आणि यंत्र तो ओढत जातं. किती ओढला, किती ताणला, ते आकड्यांत लिहून येतं. जावळाचा केस ताणला आणि तुटला. गोणीतला केस लावला. यंत्र ओढतंय, ओढतंय, केस आपला धरून उभा. एका केसाची ताकद मोजायची! माणसांनी एवढं नाजूक काम करायला यंत्र बनवलं, आणि त्या यंत्राला आमच्या मेंढीचा एक केस झुंजवत होता. शेवटी तुटला, पण जावळाच्या कितीतरी पुढं जाऊन तुटला. शेजारी आणखी एक यंत्र कापडाचा तुकडा घासत होतं, हजारो वेळा. सोपान म्हणाला, दोन वर्षं वापरून जेवढी झीज होईल, तेवढी हे एका दिवसात करून दाखवतं. मी विचारलं, आणि कापड टिकलं तर? तो म्हणाला, तर मग हिरासारखी पोरगी लोकांना सांगू शकते की टिकेल, आणि तो शब्द खोटा ठरत नाही.

वैजयंती मॅडम माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"आजी, इथं चांगली लोकर, वाईट लोकर असं नसतं. कशाला चांगली, एवढाच प्रश्न असतो. पण त्याचं उत्तर मिळायला ती आहे तशी समोर यावी लागते, गोखरू आणि शेणासकट. तुम्ही पाहुण्याला उत्तम दिलंत. इथं आम्ही पाहुणे नव्हतो, वैद्य होतो. वैद्यापुढं कुणी दुसऱ्याची नाडी देऊन चालत नाही."

मी मान खाली घातली.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "या मुली इथं धंदाही शिकतात. आज पिशवी घेणारा माणूस विचारतो, ही लोकर कुठली, कुणाच्या मेंढ्या, कुणी कातरली? ते छातीठोक सांगता यावं म्हणून हिरा प्रत्येक पिशवीवर गावाचं नाव लिहिते. जे सांगून ही मुलगी उभी राहणार आहे, तेच तुम्ही आयुष्यभर झाकलंत."

मी वळून गोणीकडे पाहिलं.

तोवर हिरानं गोणी सोडली होती. बाराही मेंढ्यांची लोकर एकात एक मिसळलेली. मेंढ्या आता भादरलेल्या, पुढची कातरणी कित्येक महिने लांब आणि समिती उद्या. पोरगी गोणीपाशी मटकन बसली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले, एक मूठ उचलली, डोळे मिटून बोटांत फिरवली आणि म्हणाले, ही खैरीची. तिचा खांदा असाच भरड, आणि बुडाशी पिवळट.

हिरानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी तिला लगेच बाजूला नेलं. दिवाळीचे आकडे तिला पाठ होते, म्हणून तिनं मला काही सुचवू नये, अशी त्यांची अट. सोपाननं बारा ताटल्या मांडल्या. मी दोन तास बसून लोकर निवडली. पांढरकानीची उजेडाला धरली की चमकते. मोडक्या शिंगाची मेंढी कुंपणाला अंग घासते, तिचे शेंडे चिरलेले असतात. पोरं-पोरी आपलं काम सोडून भोवती उभी राहिली. कुणाच्या नाकाला रुमाल नव्हता. एका पोरीनं तर मूठ हुंगली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नऊ ताटल्या भरल्या. तीन मेंढ्यांची लोकर उरली, एका आईच्या तीन बहिणी. मला ती वेगळी करता येईना. भोवती एवढी माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर, आणि बारापैकी बारा म्हणायला माझी जीभ वळवळत होती. तीन ढीग करून ठोकून दिलं असतं तर तिथं कोण मला खोटं म्हणणार होतं? पण पडद्यावरची कौलं अजून डोळ्यांपुढं होती. मी हात मागं घेतला आणि म्हणाले, "या तिघी मला कळत न्हाईत."

मॅडम म्हणाल्या, आजी, आज दिवसभरात तुम्ही केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

सोपाननं संध्याकाळपर्यंत केस ओढले. आकडे आले. आठ ताटल्या दिवाळीशी जुळल्या. एक माझी चुकली होती. मी बांडीची म्हणाले, ती बांडीची नव्हती. मॅडम म्हणाल्या, आठ मेंढ्यांवर काम उभं राहतं, पण एका अटीवर. झालं ते सगळं लिहायचं. पिशव्या कुणी बदलल्या, का बदलल्या, लोकर कुणी हातानं निवडली, किती बरोबर, किती चूक, किती कळली नाही. समिती ते वाचेल.

दुसऱ्या दिवशी समितीनं ते वाचलं आणि हिराचं काम मान्य केलं. आठच मेंढ्यांचं, पण खरं म्हणून. आता तिच्या पिशव्यांचे पहिले नमुने शिवले जात आहेत आणि जालिंदर फोनवर तिला विचारतो, जाड लोकर आणखी लागेल का. ते सगळं नंतरचं. माझ्या लेखी गोष्ट संपली ती आदल्या संध्याकाळीच, त्या प्रयोगशाळेत.

ज्यांच्या घरात काहीतरी निळ्या कागदामागं बांधलेलं आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट सांगितली. कुणी बापाचा धंदा झाकतं, कुणी आईची बोली, कुणी गावाचं नाव. आपण समजतो, आपण अब्रू राखतोय. खरं तर आपण पोरांच्या पायाखालची जमीन काढून घेत असतो आणि वर त्यांना म्हणतो, ताठ उभी राहा. जे आहे ते आहे तसं उजेडाखाली ठेवा. त्यात काय दडलंय ते शिकलेल्या पोरांना शोधू द्या. आणि जे आपल्याला कळत नाही, ते कळत नाही म्हणा. एवढं जमलं तर तिसरी पास माणूससुद्धा विद्यापीठात बसू शकतो.

त्या संध्याकाळी हिरा खुलासा लिहायला बसली. रत्ना पिशव्यांच्या घड्या करत होती. लिहिता लिहिता हिरा थांबली आणि माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "आजे, तुजं नाव नको घालायला. 'घरातील एका व्यक्तीकडून' असं लिहिते. तुला उगी कमीपणा नको."

दिवसभर जिनं माझ्याशी बोलणं टाळलं, तीच आता मला झाकायला निघाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबर माझी जीभही जागेवर आली.

"हिरे, तुज्या त्या खोडीवर म्या तीन वर्षं तोंडसुख घेतलं," मी म्हणाले. "घाण उपसती, घाण उपसती म्हणून. आज सांगते, खोड तुजी न्हाई, आमची वाईट व्हती. तू हाय ते हाय तसं उचलतीस, हेच तुजं शिक्षण, आन् ते लई मोठं हाय. मंग आता माज्यापायी ते सोडती व्हय? एक व्यक्ती म्हणं! त्या व्यक्तीला काय नाव न्हाई, गाव न्हाई? लिही नीट. सारजाबाई बहिरू कोळपे, राहणार आणे. चूक तिची, निवड तिची. आन् धंदा लिही, मेंढरं राखती."